दोघांनी बांधलेली पेंढी

सोनईच्या कार्यालयातला जुना संगणक म्हणाला, सोमवारी दुपारी बारा. सुकन्याच्या मांडीवरचा लॅपटॉप म्हणाला, रविवारी पहाटे पाच. दोघांना विचारलेला प्रश्न एकच होता, दोघांना दिलेले आकडे तेच होते आणि त्या आकड्यांवर चालणारा प्रोग्रॅमही शब्दाला शब्द तोच होता. शुक्रवारी सकाळी सहा वाजता पाटात सोडलेले पाणी अगदी शेवटच्या, अकरा नंबरच्या चारीवर, म्हणजे पाटातून शेतांकडे फुटणाऱ्या फाट्यावर, कधी पोचेल? दोन उत्तरांमध्ये एकतीस तासांचे अंतर होते, आणि त्या अंतरात सुकन्या गुरुवारच्या सकाळपासून उभी होती. कोरड्या पाटाच्या मधोमध उभे राहिल्यावर दोन्ही काठ सारखेच दूर वाटतात, तसे तिचे झाले होते.

पाटावरच्या पाणी वापर संस्थांचा एक संघ होता आणि संघाची सात कार्यालये होती. प्रत्येक कार्यालयातला संगणक वेगळ्या वयाचा, वेगळ्या स्वभावाचा. त्यामुळे पाण्याचे वेळापत्रक काढणारा प्रोग्रॅम एकीकडे तयार करून सातही ठिकाणी नुसता नेऊन ठेवता येत नसे. तो ज्या त्या संगणकावरच बांधावा लागे. बांधायला दोन गोष्टी लागत: माणसाने लिहिलेले यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर, आणि अवघड गणिते आयती करून देणारी लायब्ररी. या दोघांना त्या त्या संगणकात हुडकून काढणारी एक छोटी स्क्रिप्ट होती. ती पूर्वी दोनच ठिकाणी पाहायची आणि हात वर करायची. संगमनेरच्या ज्या लहानशा कंपनीकडे संघाचे काम होते, तिथे सुकन्या दोन वर्षांपूर्वी लागली. गेले तीन महिने खपून तिने ती स्क्रिप्ट सुधारली होती. आता ती चौदा ठिकाणी पाहायची, जे जे हाती लागेल त्यातले सर्वांत नवे निवडायची आणि हिरव्या अक्षरांत लिहायची: कंपायलर सापडला. लायब्ररी सापडली. त्या दोन हिरव्या ओळींवर सुकन्याचा जीव होता. जगात इतक्या गोष्टी हरवलेल्या असताना कुठेतरी, काहीतरी, निःसंशय सापडते आहे, असे तिला ते वाक्य वाचताना वाटे.

सोनईतही दोन्ही ओळी हिरव्या आल्या होत्या. लॅपटॉपवरही.

"मॅडम, चहा गार झाला," शांतवन साळवे म्हणाले. या कार्यालयात ते बावीस वर्षे संगणक सांभाळत होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेने आणि प्रत्येक वाक्य घडी घालून ठेवल्यासारखे बोलणे. "तुमच्या यंत्राचं आणि आमच्या यंत्राचं जमत नाही म्हणून चहानं का शिक्षा भोगावी?"

"काका, एक जण खोटं बोलतंय."

"यंत्र खोटं बोलत नाही, मॅडम. त्याला तेवढी उसंत नसते."

सुकन्या हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे उद्याची सकाळ होती. पत्रक उद्या छापून चाऱ्यांची दारे सांभाळणाऱ्या पाटकऱ्यांच्या हाती पडणार होते. पाण्याची सुरुवात शेपटापासून करायची, हा इथला नियम. वरच्या सगळ्या चाऱ्यांची दारे बंद ठेवायची, पाणी थेट अकरा नंबरला न्यायचे, तिथे चोवीस तास द्यायचे, मग दहा, मग नऊ. पाळी सुरू व्हायची ती पत्रकात छापलेल्या तासाला आणि संपायचीही छापलेल्या तासाला. कुणाच्या शब्दावर घड्याळ हलायचे नाही, म्हणून तर पत्रक. रविवारी पहाट छापली आणि पाणी सोमवारी दुपारी आले, तर अकरा नंबरची पाळी कोरडीच उलटून जाणार. सोमवार छापला आणि पाणी रविवारीच येऊन ठेपले, तर अकरा नंबरचे दार बंद असणार आणि ते पाणी एकतीस तास ओढ्याला वाहून जाणार. दोन्हीकडे नुकसान एकाच चारीचे. तिथे चाळीस घरांनी कांद्याची रोपे टाकली होती आणि लावणीसाठी वाफे बांधून ठेवले होते.

दुपारी तिने सोनईच्या संगणकाची झडती घ्यायला सुरुवात केली, आणि तासाभरात तिच्या हाती काहीतरी लागले. स्क्रिप्टने लायब्ररी 'सापडली' म्हटले होते त्या जागी लायब्ररी नव्हतीच. तिथे होते नुसते नाव; अगदी नव्या लायब्ररीचे, आवृत्तीच्या आकड्यासकट. ते नाव बोट दाखवत होते एका जुन्या कप्प्याकडे, आणि तिथे आठ वर्षांपूर्वीची लायब्ररी धुळीसारखी निवांत पडली होती.

"काका, हे कुणी केलं?"

शांतवनकाकांनी चष्मा पुसला. "मी."

"म्हणजे जुनीला नवीचं नाव दिलं तुम्ही?"

"तुमच्या आधी जे साहेब होते, त्यांची स्क्रिप्ट दर वेळी लाल अक्षरांत लिहायची, सापडत नाही. वरून फोन यायचा, साळवे, तुमच्याकडेच कसं सापडत नाही? आता मी काय सांगू? इथं आहे, चांगली आहे, काम करते आहे, फक्त तिचं नाव तुम्हाला हवं तसं नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग मी दारावर हवी ती पाटी लावली. आत बिऱ्हाड जुनंच."

"पण ही फसवणूक आहे, काका!"

"पाटी खोटी आहे, मॅडम. बिऱ्हाड खरं आहे."

सुकन्याला राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ सुटल्यासारखे वाटले. गोंधळात माणसाला गुन्हेगार सापडला की हायसे वाटते. तो खराच गुन्हेगार आहे का, हे विचारायची ताकद तोवर उरलेली नसते. सोनईच्या संगणकात खोटे नाव होते. तिच्या लॅपटॉपवर सगळी नावे खरी होती, सगळे नवे होते. उत्तर उघड होते. तरी मनाच्या तळाशी काहीतरी ढवळलेलेच राहिले. खोट्या नावाने गणित एकतीस तासांनी का चुकावे?

संध्याकाळी बन्सी आला. अकरा नंबरचा पाटकरी. त्याची मोटारसायकल आधी ऐकू यायची, तो मागून दिसायचा.

"काय ठरलं, ताई? पानी कवा?"

"रविवारी पहाटे पाचला, बन्सीभाऊ."

बन्सीने टोपी मागे सारली. "आता गं! पाट तीन महिने कोरडा हाय. भेगा पडल्यात, हात जातोय आत. पयलं पानी जमीन पिती, मग पुढं सोडती. इतक्या लवकर कसं यायचं?"

सुकन्याचा चेहरा उतरला. तिने शांतवनकाकांकडे पाहिले.

"बन्सी, तू मागच्या साली हेच बोलला होतास," शांतवनकाका म्हणाले. "आणि पाणी सात तास आधी येऊन तुझ्या वहाणा घेऊन गेलं."

"मागल्या साली आदल्या आठवड्यात पाऊस झालता, सायेब! जमीन वली हुती."

"मग यंदा?"

"यंदा..." बन्सी घुटमळला. "यंदा मला काय ठाव? मी काय कंपूटर हाय? तुमी सांगाल ते लावतो भिताडावर. फकस्त एक सांगा, पानी एकदाच येनार हाय ना?"

तो हसला. सुकन्याला हसू आले नाही. जो ठामपणे बोलत होता, तोही प्रश्न विचारल्यावर विरघळून गेला होता. तिच्या भोवती जणू सगळेच जण अर्धे बोलत होते आणि दुसरा अर्धा भाग आपल्या ओंजळीत झाकून ठेवत होते.

त्या रात्री ती शांतवनकाकांकडेच राहिली. त्यांची मुलगी ग्लोरिया नर्स होती. तिने सुकन्याला जेवू घातले आणि एकही प्रश्न न विचारता अंथरूण घालून दिले. सकाळी सहाला, ठरल्याप्रमाणे, पाटात पाणी सुटले. आठ वाजता सुकन्याने लॅपटॉपचे उत्तर छपाईला दिले. नऊ वाजता बन्सी पत्रकांची गुंडाळी शर्टात खोचून निघून गेला.

दहा वाजता आईचा फोन आला.

मालनबाई दिवाळीपासून ऊसतोडीच्या फडावर होती. पाथर्डीच्या बाजूची त्यांची वाडी दर वर्षी या दिवसांत रिकामी होई. दारांना कुलपे, अंगणात एखादी म्हातारी आणि कुत्री. सुकन्याचे लहानपण कधी त्या कुलपांच्या अलीकडे, कधी पलीकडे गेले होते. ऊसतोडीत न्याहारीला बसले की आई फोन करायची आणि मागून पाचटावर चालणाऱ्या पावलांची करकर ऐकू यायची.

"जेवली का गं?"

"न्याहारी झाली, आई."

"आवाज का असा? कुनी बोललं का तुला?"

"कुणी नाही. कामात घोळ झालाय. दोन यंत्रं दोन उत्तरं देतात. एकात नाव खोटं आहे म्हणून मी दुसऱ्याचं खरं धरलं, पण मलाच कळेना झालंय."

"नावाचं काय घेऊन बसलीस?" आईने भाकरीचा घास गिळला असावा. "शेजारच्या टोळीत नावंच लिवली की मुकादमानं. नवा पोरगा हाय, वही घेऊन बसला. आक्काबाई, हाय. तिच्यासंगं कोन? गडी हाय. लिवला एक कोयता."

सुकन्याला हे हिशेब ठाऊक होते. फडावर माणसे मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळी बांधते.

"मग?"

"मग काय! आक्काबाईचा नवरा तापानं घरी. आलाय तिचा दीर. गडी चांगला, दमाचा. तीबी कामाला वाघीन. पन तो तोडतो त्याच्या भावजयीला ठाव नसलेल्या मापानं, लांब, अन् ती बांधती तिच्या नवऱ्याच्या मापानं, आखूड आवळून. मोळी दिसाया मोळीच. गाडीत चढवताना सुटती. रोज निम्म्या मोळ्या सुटत्यात, अन् दोघं एकमेकांकडं बघत्यात."

"आपल्या टोळीत नाही होत असं?"

"आपला बिभीषण मुकादम नाव इचारतच न्हाई. दसऱ्याला टोळी ठरती तवा कडबा टाकतो म्होरं. म्हनतो, दोघांनी मिळून एक पेंढी बांधून दावा. बांधली की उचलून आपटतो भुईवर. सुटली न्हाई, तर कोयता. मग तुमी सोयरे असा न्हाईतर पावने. तुझ्या बापाचीबी दर साली आपटतो, वीस वरसं झाली तरी. तुझा बाप चिडतो लई... बरं ठिवते, उठले सगळे."

फोन बंद झाला. सुकन्या पटांगणातल्या लिंबाखाली उभी होती. आईने काही समजावले नव्हते. तिने नेहमीसारखी टोळीतली एक गोष्ट सांगितली होती. पण सुकन्याला आपल्या दोन हिरव्या ओळी डोळ्यांपुढे दिसू लागल्या. कंपायलर सापडला. लायब्ररी सापडली. दोघांचीही नावे लिहून घेतलेली. दोघांनी मिळून काही बांधलेले कुणीही पाहिले नव्हते. चौदा ठिकाणे धुंडाळणाऱ्या तिच्या स्क्रिप्टने हा एवढा प्रश्न कधी विचारलाच नव्हता.

ती आत धावली. "काका, पेन्सिल घ्या."

"कशाला?"

"एका मैलाचा कोरडा पाट. किती पाणी जमिनीत मुरेल? हातानं करता येईल असं सोपं गणित मांडा. उत्तर आपल्याला आधी माहीत हवं."

शांतवनकाकांनी कॅलेंडरचे मागचे पान उलटले. सावकाश, शाळेतल्यासारखे आकडे एकाखाली एक लिहीत त्यांनी गणित सोडवले आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. तोवर सुकन्याने तेवढाच एक इवला प्रोग्रॅम लिहिला. फक्त पाझर काढणारा. कंपायलरने तो बांधायचा, लायब्ररीने आकडा द्यायचा. एक पेंढी.

आधी तिने तो सोनईच्या संगणकावर चालवला. पडद्यावर आकडा आला. शांतवनकाकांनी कॅलेंडर पडद्याशेजारी धरले. दोन्ही सारखे होते, दशांश चिन्हापुढच्या चौथ्या घरापर्यंत.

मग तिने तो लॅपटॉपवर चालवला.

शून्य.

तिने पुन्हा चालवला. शून्य. पडद्यावर ना तक्रार होती, ना लाल अक्षर. तिच्या नव्याकोऱ्या यंत्राच्या मते भेगाळलेली, तीन महिने तहानलेली जमीन पाण्याचा एक थेंबही पीत नव्हती. पाट जणू काचेचा होता. म्हणून पाणी एकतीस तास आधी पोचत होते.

"असं कसं झालं?" शांतवनकाकांनी हळूच विचारले. आवाजात जिंकल्याचा लवलेश नव्हता, आणि त्यामुळे तिला अधिकच ओशाळे वाटले.

कारण हुडकायला तिला अर्धा तास लागला. तिच्या स्क्रिप्टने कंपायलर एका घरातून उचलला होता आणि लायब्ररी दुसऱ्या घरातून. दुसऱ्याच कुठल्याशा सॉफ्टवेअरने आपल्यासोबत आणलेली. दोन्ही आपापल्या जागी नव्यांत नवी. पण लायब्ररी आपला आकडा मोठ्या भांड्यात ओतून देत होती आणि कंपायलरने बांधलेला प्रोग्रॅम त्या भांड्याचा अर्धाच भाग उचलत होता. नेमक्या त्या अर्ध्यात काही नव्हते. सोनईत नाव खोटे होते, पण त्या नावामागची लायब्ररी आणि कंपायलर एकाच दिवशी, एकाच घरातून आलेले होते. आठ वर्षे त्यांनी एकमेकांची मापे सांभाळली होती.

"म्हणजे पाटी खोटी..." ती पुटपुटली.

"ते राहू द्या," शांतवनकाका म्हणाले. "बन्सीला फोन लावा."

बन्सीने तिसऱ्या वेळी उचलला.

"ताई, दोन ठिकानी चिकटवलं. वस्तीवर अन् देवळापाशी. खळ चांगली लावलीया, दहा वरसं न्हाई निघायचं."

"बन्सीभाऊ, ते काढा."

पलीकडे नुसती घरघर. मग मोटारसायकल बंद झाल्याचा आवाज. "काय काढा?"

"पत्रक. माझं चुकलं. सोमवारी दुपारी बारा."

"अन् आता सोमवार कोन म्हनतंय?"

"साळवेकाकांचं जुनं यंत्र. आणि..." तिने कॅलेंडरचे पान जवळ ओढले. "आणि तुम्ही म्हणाला होता, जमीन पहिलं पाणी पिते म्हणून."

"मी तर मागल्या सालीपन म्हनलो हुतो की!" बन्सी म्हणाला. "माझं नका धरू, ताई. मानसं म्हनतील ह्या बन्सीला वाचता येत न्हाई. सकाळी एक, दुपारी एक."

"म्हणू द्या. माझं नाव सांगा."

"तुमचं नाव सांगून काय हुनार? तुमी संगमनेरला. शिव्या मला." पण मग त्याचा आवाज बदलला. "खरं सांगा. तुमाला सवताला खात्री हाय का?"

सुकन्याने पडद्याकडे पाहिले. एका मैलाचे गणित बरोबर आले होते. बाकीचे अडतीस मैल? त्या भेगा, ती उंदरांची बिळे, मध्येच कुणी उघडलेले दार?

"पूर्ण नाही," ती म्हणाली. "पण पहिलं चूक होतं, याची आहे."

 "हे बरं बोललात," बन्सी म्हणाला. "आजवर समदे खात्रीनंच बोलत आलेत. पाठवा नवं पत्रक मोबाईलवर, शाळेत छापून घेतो. जुनं खरवडतो विळ्यानं."

दुपारी तिने लॅपटॉपवर एकाच घरातले कंपायलर आणि लायब्ररी बसवून प्रोग्रॅम नव्याने बांधला. उत्तर आले, सोमवारी दुपारी बारा वाजून चार मिनिटे. सोनईचा संगणक बारा म्हणत होता. एकतीस तासांची चार मिनिटे झाली होती. पण ती चार मिनिटे कुठून आली, हे तिला कळले नाही. शांतवनकाका म्हणाले, चार मिनिटांत माणूस विडी ओढतो, एवढं काय. तिला मात्र ती चार मिनिटे डोळ्यात गेलेल्या कुसळासारखी सलत राहिली.

संगमनेरला परतल्यावर शनिवारी आणि रविवारी तिने स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. आता ती चौदा ठिकाणी पाहत होती, सापडलेल्यांच्या जोड्या लावत होती, प्रत्येक जोडीला तेच एका मैलाचे गणित घालत होती आणि उत्तर शांतवनकाकांच्या दोन रेघांवरच्या आकड्याशी ताडून पाहत होती. नाव काहीही असो, जोडीची पेंढी सुटली तर जोडी बाद. रविवारी पहाटे पाचला तिला जाग आली होती. आपण चुकलो असू तर आत्ता या घटकेला अकरा नंबरच्या बंद दारावर पाणी धडकत असेल, या विचाराने ती उठून बसली होती. फोन आला नव्हता. पण पहाटे पाचला तिथे होते तरी कोण?

सोमवारी बारा वाजले. बारा वाजून चार मिनिटे झाली. एक वाजला. फोन उचलून खाली ठेवण्याची तिने मोजदाद सोडून दिली. हिरव्या ओळींच्या जागी नवी स्क्रिप्ट काय लिहील, हे तिने अजून ठरवलेले नव्हते. ती जागा पडद्यावर रिकामी होती आणि तिथे रेघ लुकलुकत होती.

दोन वाजून गेल्यावर फोन वाजला.

"ताई, आलं!" बन्सी ओरडत होता. मागे माणसांचा गलका होता, कुणीतरी फावडे मागत होते, आणि त्या सगळ्याखाली एक सलग, जाड खळखळ. "वाफं भरायला लागलं. दार उघडंच हुतं, वाया गेलं न्हाई."

"किती वाजता आलं, बन्सीभाऊ?"

"आं?"

"पाणी. नेमकं किती वाजता पोचलं?"

"ते व्हय..." बन्सी थबकला. त्याने कुणालातरी विचारले, त्या कुणीतरी आणखी कुणाला. उत्तरे एकमेकांत मिसळली. "आमी चारीच्या कडंला जेवाया बसलो हुतो समदे. भाकरी निम्मी झालती. तेवढ्यात पोरं वरडली. घड्याळ कोन बघतंय मग! पळालो सगळे."

"पण बरोबर बाराला की नंतर?"

"भुकेच्या टायमाला," बन्सी ठामपणे म्हणाला, आणि फावडे घ्यायला निघून गेला.